तीन मिनिटांचा डाव

बुद्धिबळ सोडून दुसऱ्या कोणत्याही बाबतीत मला कमी लेखले तरी माझी तक्रार नसते. मला पोहता येत नाही. गाण्यातले कळत नाही. भाजी आणायला पाठवले तर मी हटकून जून भेंडी घेऊन येतो, आणि त्यावर घरात जे बोलले जाते ते निमूटपणे ऐकून घेतो. पण चौसष्ट घरांचा पट समोर मांडला, की मग मी कोणाचे ऐकत नाही. बँकेत होतो तेव्हा दुपारच्या सुट्टीत माझ्याशी दोन हात करायला शेजारच्या शाखांतून माणसे येत. निवृत्त झाल्यावर इंटरनेटवर खेळू लागलो, आणि तिथेही पंधरा-पंधरा मिनिटांच्या डावांत माझे गुणांकन १९५० च्या आसपास जाऊन बसले. गल्लीत नव्हे, तालुक्यात नाव घ्यावे इतपत!

ही गुणांकनाची भानगड ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आर्पाड एलो या हंगेरीत जन्मलेल्या आणि अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकाने ही पद्धत बसवली, आणि १९७० साली जागतिक बुद्धिबळ महासंघाने ती स्वीकारली. दोन खेळाडूंत २०० गुणांचे अंतर असले तर वरचढ खेळाडूने चार डावांत साधारण तीन गुण मिळवावेत, असा तिचा हिशेब. माझे दुखणे असे, की त्याच संकेतस्थळावर तीन-तीन मिनिटांच्या डावांत माझे गुणांकन होते १५८०. दोन्ही तागड्या वेगळ्या, त्यांची थेट तुलना करू नये, हे मला कळते. तरीही एकाच नावाचे दोन गृहस्थ त्या पानावर शेजारी शेजारी राहत होते, आणि त्यांतला थोरला धाकट्याला दहांपैकी नऊ वेळा सहज लोळवील अशी अवस्था होती.

एरवी मी त्या धाकट्याकडे दुर्लक्षच केले असते. तीन मिनिटांचे बुद्धिबळ म्हणजे उभ्याने खाल्लेली भेळ. पंगतीला बसून जेवणाऱ्याने ती काय मनावर घ्यायची? पण आमची कन्या इंग्लंडला गेली. ती डॉक्टर आहे, लीड्सला असते. इथे होती तेव्हा दर रविवारी आमचा डाव रंगायचा तो दीड-दोन तास. तिकडे गेल्यावर तिने सांगितले, "बाबा, मला दुपारी पंधराच मिनिटं मिळतात. त्यात तीन मिनिटांचे दोन डाव बसतात. बोला." तिकडची दुपार म्हणजे आमची दिवेलागण. मी 'हो' म्हटले. लेक बोलावते आहे आणि बाप घड्याळाचे कारण सांगतो आहे, हे शोभले नसते.

पहिले दोन महिने मी सरसकट हरलो. तेही कसे? पटावर हत्ती वर, प्यादी वर, मात दोन खेळींवर आलेली, आणि माझे घड्याळ शून्यावर! मग हळूहळू मी अधूनमधून जिंकू लागलो. पहिल्या विजयाच्या दिवशी मी सौभाग्यवतीकडे शिऱ्याची फर्माईश केली. चौथ्या विजयानंतर तो डाव कौतुकाने दाखवायला वरच्या मजल्यावरच्या कॉलेजकुमाराला बोलावले. हा मुलगा एक-एक मिनिटाचे डावसुद्धा खेळतो, आणि खेळताना दुसऱ्या हाताने चिवडा खातो. संकेतस्थळावर प्रत्येक डाव साठवलेला असतो, इतकेच नव्हे तर कोणत्या खेळीला किती सेकंद लागले हेही लिहिलेले असते, हे त्याने मला त्या दिवशी दाखवले. दाखवले नसते तर बरे झाले असते.

बाविसाव्या खेळीला मी तिच्या राजाला शह दिला होता. राजाला जायला एकच घर होते. दुसरी कोणतीही खेळी शक्य नव्हती. त्या एकुलत्या एका खेळीला माझ्या लेकीने बावन्न सेकंद घेतले होते.

"नेट गेलं असेल, काका," कॉलेजकुमार म्हणाला. पोरगा मनाने चांगला आहे. तो गेल्यावर मी उरलेले तीन विजय उघडून पाहिले. तिन्हींत नेट अगदी मोक्याच्या वेळी गेलेले होते.

ती आठ वर्षांची असताना मी एकदा तिच्या घोड्यासमोर माझा वजीर उघडा ठेवला होता. तिने वजीर मारला नाही. बराच वेळ पटाकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि सगळी मोहरी हाताने विस्कटून ती आत निघून गेली. रात्री जेवतानासुद्धा माझ्याशी बोलली नाही. आता वजीर ठेवण्याची पाळी तिची आली होती, आणि मला तर मोहरी विस्कटायचीही सोय नव्हती. मी तिला काही बोललो नाही. दुसऱ्या दिवशी कॉलेजकुमाराला गाठले आणि म्हटले, "मला तीन मिनिटांत खेळायला शिकव."

त्याने पहिल्यांदा मला माझे हरलेले तीस डाव काढायला लावले. सतरा डाव घड्याळावर गेलेले. "आता वेळ कुठं गेला ते बघा," तो म्हणाला. माझी समजूत अशी, की वेळ कठीण प्रसंगी जात असेल. चारी बाजूंनी हल्ला आहे, राजा उघडा पडला आहे, अशा वेळी. छे! तिथे मी झटपट खेळलो होतो. वेळ गेला होता तो भलत्याच ठिकाणी. मोकळ्या पट्टीवर दोन हत्तींपैकी कोणता आणावा, या प्रश्नावर ३१ सेकंद. या प्याद्याने मारावे की त्या, यावर २७. आणि संगणकाला विचारावे तर तो सांगतो, दोन्ही सारखेच! तीन मिनिटांचे एकशेऐंशी सेकंद. डाव चाळीस खेळींचा धरला तर एका खेळीला साडेचार. त्यांतले एकतीस मी दोन सारख्या हत्तींच्या मुलाखती घेण्यात घालवले होते. हे ऐकून स्वयंपाकघरातून आवाज आला, "भेंडी घेतानाही हे असंच करतात. एकेक हातात घेऊन बघतात, आणि शेवटी जूनच आणतात."

"काका, तुम्ही उत्तम खेळी शोधता. चालेल अशी शोधा," हा त्या मुलाचा मुख्य उपदेश. ऐकायला सोपा, पण साठीनंतर पचवायला जड. मी आयुष्यभर मानत आलो होतो की चांगली खेळी सापडली की थांबावे आणि तिच्याहून चांगली शोधावी. तीन मिनिटांत हे पुण्य परवडत नाही. दोन सेकंदांत सुचलेली बरी खेळी ही वीस सेकंदांत सापडलेल्या सुरेख खेळीपेक्षा पुष्कळदा भारी ठरते. कारण ते अठरा सेकंद शेवटी, हत्ती-प्याद्यांच्या अंतिम पर्वात, एखाद्या मोहऱ्याइतके मोलाचे असतात. फक्त एक पथ्य पाळायचे. खेळण्यापूर्वी एक सेकंद पाहायचे, की समोरच्याची आताची खेळी कशाच्या अंगावर आली आहे आणि माझे कोणते मोहरे बिनआधाराचे उभे आहे. घाईत जे मोहरे जाते ते बहुधा असे पोरकेच असते.

मग सुरुवातीच्या खेळ्या बदलल्या. मला अभिमान होता तो सिसिलियन बचावाच्या अवघड शाखांचा. त्या मला पाठ होत्या खऱ्या, पण आठवाव्या लागत, आणि आठवायलाही सेकंद लागतात. त्याऐवजी पांढऱ्याकडून लंडन पद्धत आणि काळ्याकडून कारो-कान, असा बेत ठरला. वजिरापुढचे प्यादे दोन घरे, काळ्या घरांवरचा उंट बाहेर, मग एक घोडा, दोन प्यादी. समोरून काहीही आले तरी बहुतेक तीच मांडणी. बारा महिने वरणभात जेवल्यासारखे वाटते. पण पहिल्या दहा खेळ्या पंधरा सेकंदांत होतात, आणि भूक उरते ती पुढच्यासाठी.

प्रतिस्पर्ध्याच्या वेळात आपण विचार करावा, हेही मला या वयात शिकावे लागले. त्याचे घड्याळ चालू असताना मी चहाचा घोट घेत असे, किंवा त्याच्या नावापुढचा झेंडा कोणत्या देशाचा ते पाहत असे.

आता 'आगाऊ खेळी'बद्दल. समोरच्याची खेळी होण्याआधीच आपली नोंदवून ठेवायची, म्हणजे त्याची पडताक्षणी आपली पडते. वेळ जातो एक दशांश सेकंद, काही ठिकाणी तेवढाही नाही. आपल्या भाषेतला 'आगाऊ' हा शब्द दोन्ही अर्थांनी इथे चपखल बसतो. तो आपला घोडा माझ्या वजिराच्या टप्प्यात आणणारच, असे गृहीत धरून मी वजिराने तो मारण्याची खेळी नोंदवून ठेवली. त्याने घोडा आणलाच नाही. प्यादे एक घर पुढे सरकवले, आणि माझा वजीर आपल्या पायांनी चालत त्याच्या उंटाच्या तोंडात गेला! तेव्हापासून नियम केला: आगाऊपणा करायचा तो फक्त समोरच्याला दुसरा मार्गच नसेल तेव्हा, नाहीतर शेवटच्या राजा-प्याद्यांच्या पळापळीत.

सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत उपयोगी भाग होता तो मात करण्याच्या सरावाचा. एकट्या राजाला वजिराने जास्तीत जास्त दहा खेळींत मात होते, हत्तीने सोळा खेळींत. हे मला चाळीस वर्षे ठाऊक आहे. पण ठाऊक असणे वेगळे आणि बोटांत असणे वेगळे. पहिल्या दिवशी हत्तीच्या मातेला मला पन्नास सेकंद लागले. रोज सकाळी पूजेनंतर वीस वेळा, असे करीत ते अठरांवर आणले. "अहो, त्या बिचाऱ्या राजाला किती वेळा मारणार आहात?" असे सौ.ने एकदा विचारले.

ही बोटांतली विद्या म्हणजे नुसता हातचलाखीचा भाग नव्हे. १९७३ साली चेस आणि सायमन या दोन अमेरिकन संशोधकांनी बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती पुन्हा मांडायला लावली. मातब्बर खेळाडूने बहुतेक मोहरी बिनचूक ठेवली, नवशिक्याने चार-पाच. पण तीच मोहरी पटावर कशीही विखरून दाखवली तेव्हा दोघे जवळजवळ सारखेच ठरले. म्हणजे मोठ्या खेळाडूची स्मरणशक्ती तुमच्या-आमच्यासारखीच. त्याला ओळखीचे चेहरे तेवढे जास्त दिसतात. (त्यांतल्या एकाचे आडनावच 'चेस' नव्हे, पण ऐकायला तसे यावे, हाही योगच म्हणायचा.) म्हणून कॉलेजकुमाराने मला अवघड कोडी बंद करून सोपी दिली, आणि तीच तीच पुन्हा पुन्हा, ओळख पटायला दोन सेकंदही लागू नयेत इतकी. शिवाय आठवड्यातून दोन डाव अर्ध्या-अर्ध्या तासाचे, कारण नव्या ओळखी होतात त्या तिथेच. 'प्रत्येक खेळीला दोन सेकंद परत मिळतात तसे डावही खेळा' असे तो म्हणाला. बॉबी फिशरने १९८८ साली एकस्वासाठी अर्ज केला होता तो अशाच परत देणाऱ्या घड्याळाचा. सरावाला ते मी वापरले, लेकीशी मात्र नाही. त्या दोन-दोन सेकंदांत तिची सुट्टी संपते.

एक नियम मी स्वतः केला आणि तो मोडल्याची शिक्षाही भोगली. लागोपाठ दोन हरले की उठायचे. एका रात्री दहाला बसलो, दोन हरलो, आणि 'हा शेवटचा' म्हणत दोन वाजेपर्यंत खेळलो. १४० गुण गेले. दुसऱ्या दिवशी पोटात दुखत असल्याची थाप मारून पडून राहिलो.

२०२५ च्या जुलैत घरातले वातावरण मला एकाएकी अनुकूल झाले. बाटुमीला महिलांच्या विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरची दिव्या देशमुख आणि कोनेरू हम्पी यांचे दोन्ही मोठे डाव बरोबरीत सुटले, आणि निकाल गेला पंधरा मिनिटांच्या जलद डावांवर. पहिला बरोबरीत. दुसऱ्यात हम्पीचे घड्याळ आटत आले, हातून चूक झाली, आणि काळ्या मोहऱ्यांनी खेळणारी एकोणीस वर्षांची दिव्या जिंकली, ग्रँडमास्टरही झाली. सौ.चे माहेर नागपूरचे. त्या दिवसापासून 'दिवेलागणीला कसलं ते बडवत बसता' हे वाक्य आमच्या घरात बंद झाले. उलट साडेसहा वाजले की, "अहो, घड्याळ बघा, पोरीची वेळ झाली," असे ऐकू येऊ लागले.

आठ महिन्यांत धाकटा गृहस्थ १५८० वरून १७४० वर आला. थोरल्याच्या शेजारी बसण्याइतका नाही, पण ओट्यावर यायला हरकत नाही.

गेल्या महिन्यातली गोष्ट. दोघांचे एकेक हत्ती, माझी तीन प्यादी, तिची दोन. माझे नऊ सेकंद, तिचे अकरा. मी आगाऊ खेळ्या टाकत होतो, तीही टाकत होती. पटावर नुसती धुमश्चक्री. माझे प्यादे शेवटच्या घरापासून एक पाऊल दूर असताना माझे घड्याळ संपले. तिच्याकडे उरले होते चार दशांश सेकंद.

मी डाव उघडला आणि तिच्या खेळींचे सेकंद वाचत गेलो. तीन, दोन, चार, एक. संपूर्ण डावात सहा सेकंदांच्या वर ती कुठेही थांबली नव्हती. तेवढ्यात तिचा निरोप आला, "बाबा, माझा चहा गार झाला. तुम्हाला कोण शिकवतंय?"

मी उत्तर दिले नाही. "अगं, हरलो!" मी ओरडलो.

"मग एवढं ओरडायला काय झालं?" सौ. आतून म्हणाली.