आरशाची पाठ

जुन्या बाजारात आरसा हातात घेतला की विक्रेता लगेच सांगतो, 'बेल्जियम आहे.' मुंबईचा मटन स्ट्रीट असो की पुण्याचा जुना बाजार, काचेचं माहेर ठरलेलं. बेल्जियमची काच एके काळी आपल्याकडे खरोखरच येत होती, त्यामुळे हे ऐकायला गोडही वाटतं. पण आरसा कुठून आला यापेक्षा कधी आला, हे मला जास्त ओढ लावतं. आणि ते समोरून पाहून कळत नाही.

शिवाजी पार्कला राहणाऱ्या माझ्या आत्याकडे एक आरशाचा ट्रे आहे. दोन्ही टोकांना पायऱ्यापायऱ्यांच्या मुठी, कडेनं चकचकीत धातूची पट्टी, तळाला आरसा आणि त्याच्या एका कोपऱ्यातून पसरत गेलेले कोरीव किरण. चैत्रातल्या हळदीकुंकवाला त्यात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी ठेवतात, आणि काचेत त्यांची उलटी जोडी उभी राहते. "सासूबाईंच्या लग्नातला आहे तो, अडतीस सालचा," असं आत्या प्रत्येक पाहुणीला सांगते. हे खरं निघावं असं मला मनापासून वाटतं, म्हणूनच ते तपासून पाहावंसं वाटलं.

ते किरण आणि त्या पायऱ्या पाहिल्या की ओव्हल मैदानासमोरच्या आणि मरीन ड्राइव्हवरच्या इमारती आठवतात. पॅरिसला १९२५ साली भरलेल्या प्रदर्शनावरून पुढं 'आर्ट डेको' हे नाव पडलं, त्याच शैलीतले हे घाट. मुंबईनं ते मनापासून आपलेसे केले. १९३७ साली टाउन हॉलमध्ये 'आयडियल होम' नावाचं प्रदर्शन भरलं, त्यात नव्या घराचं सामान लोकांनी डोळे भरून पाहिलं. अडतीस सालच्या लग्नात असा ट्रे येणं अगदी शोभतं. पण शोभणं म्हणजे पुरावा नव्हे. घाट पुन्हा पुन्हा काढता येतो, आजही काढतात.

धातू जास्त प्रामाणिक. कडेच्या पट्टीची चमक थंड, किंचित निळसर आहे, म्हणजे मुलामा क्रोमचा. क्रोमचा मुलामा बाजारात रुळला तो १९२०च्या दशकाच्या मध्यानंतर. त्याआधी निकेल असे, आणि निकेलची चमक उबदार, जराशी पिवळट दिसते. एवढ्यावरून सर्वांत आधीची हद्द मिळाली: ट्रे त्याआधीचा नाही.

मग आत्याच्या परवानगीनं आम्ही तो पालथा घातला.

पाठीला हार्डबोर्डचा तुकडा होता. त्याची एक बाजू गुळगुळीत, दुसरीवर जाळीचा ठसा. ओला लगदा जाळीवर दाबून हा बोर्ड करतात, त्याची ती खूण. विल्यम मेसन यांनी अमेरिकेत १९२४च्या सुमारास हा बोर्ड काढला. तोही आपल्या हद्दीत बसतो. बोर्डाला चार स्क्रू होते. तीन एका खाचेचे, गंजून तपकिरी झालेले; चौथा फुलीच्या खाचेचा, ज्याला मिस्त्री 'स्टार' म्हणतात. फुलीचा स्क्रू कारखान्यांतून वापरात आला तो १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात, आणि घरोघरच्या दुरुस्तीत तर त्यानंतर बऱ्याच काळानं. एवढ्यावरून ट्रेच उशिराचा ठरवणारे जाणकार मी पाहिले आहेत. मला ते पटत नाही. चौथ्या स्क्रूच्या डोक्याभोवती जुन्या, जरा मोठ्या डोक्याचा गंजाचा गोल उमटलेला होता. म्हणजे तो नंतर आला. वस्तूचं वय ठरवताना सगळ्यांत तरुण भाग शोधायचा असतो हे खरं, पण तो तिच्यासोबत जन्मलेला हवा.

आरशाविषयी मात्र जरा थांबून सांगायला हवं, कारण ट्रेचा जीव तिथंच आहे. पूर्वी कथलाच्या पातळ पत्र्यावर पारा ओतून त्यावर काच सरकवत आणि वर वजनं ठेवून दिवसेंदिवस तशीच राहू देत. त्या पाऱ्यानं कारागिरांची शरीरं पोखरली. युस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला १८३५ साली काचेवर चांदी बसताना दिसली, आणि पुढं त्याच्याच प्रयत्नांतून चांदीच्या आरशाची वाट खुली झाली. हा चांदीचा थर केसाच्या जाडीच्या हजाराव्या हिश्श्याएवढा असतो. पाठीवरच्या रंगाला कुठं तडा गेला की तिथून दमट हवा शिरते, हवेतला गंधक चांदीला काळं करतो, आणि डाग कडेकडून आत सरकतात.

या डागांवरून वय सांगू नये, असं मी आग्रहानं म्हणेन. आत्याचं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. खारा वारा आणि मुंबईचा पावसाळा यांनी तिथला आरसा जितका खाल्ला, तितका सोलापुरातल्या कोरड्या कपाटात दुप्पट काळातही खाल्ला गेला नसता. डाग सांगतात ते हवेविषयी. नख टेकवून प्रतिबिंबातलं अंतर पाहण्याची कसोटीही तशीच: त्यातून काचेची जाडी कळते, सालाबद्दल काही कळत नाही. काचेचा सपाटपणाही फसवतो. वितळलेल्या कथलावर काच तरंगवण्याची पिल्किंग्टन कंपनीची पद्धत १९५९ साली जाहीर झाली हे खरं, पण दोन्ही बाजूंनी घासून गुळगुळीत केलेली जाड काच त्याच्या कितीतरी आधीपासून मिळत होती.

उत्तर शेवटी कागदानं दिलं. आरसा हलू नये म्हणून बोर्डाखाली मराठी वर्तमानपत्राची घडी कोंबलेली होती. तारखेचा भाग फाटलेला, पण तेलाच्या जाहिरातीतली किंमत रुपये-आण्यांत. नवे पैसे १ एप्रिल १९५७ला आले आणि आणे हळूहळू व्यवहारातून गेले. ही घडी त्याच्या आधीची, फार तर त्या संधिकाळातली. ट्रे तिच्याहून जुना किंवा तिच्या बरोबरीचा. म्हणजे विशीच्या दशकाच्या मध्यापासून पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंतचा काळ नक्की झाला, आणि घाट पाहता त्यातली तिशी-चाळिशी मला सर्वांत जवळची वाटते. अडतीस सिद्ध झालं नाही. ते खोडूनही निघालं नाही.

"म्हणजे मी सांगत होते ते सांगत राहू ना गं?" आत्यानं विचारलं. "खुशाल सांग," मी म्हणाले, "फक्त पुन्हा चांदी चढवायला देऊ नकोस." चांदी उतरवली की त्या घरातल्या हवेनं इतकी वर्षं लिहिलेलं सगळं पुसलं जातं, आणि नवा आरसा कुणाचाही असू शकतो. काचेवर फवारायचं औषधही नको, ते कडेनं आत झिरपतं. कोरडं मऊ फडकं पुरे.

आम्ही वर्तमानपत्राची घडी जशीच्या तशी परत ठेवली. सोबत आत्यानं आपल्या अक्षरात एक चिठ्ठी घातली: ट्रे कधी उघडला, चौथा स्क्रू मूळचा कसा नाही, आणि सासूबाईंचं नाव.