चंद्रोदयाची वेळ

आमच्या आईची संकष्टी म्हणजे साऱ्या घराची परीक्षा असे. पावसाळ्यात चंद्र दिसायचा नाही. ती मला गच्चीवर पिटाळी, मी हात हलवीत परत येई. मग पंचांगातली वेळ झाली की ती ढगांनाच ओवाळी आणि उपास सोडी. "दिसला नाही म्हणून काय झालं? उगवलाय ना!" मी नुकता विज्ञान शिकू लागलो होतो; मला हसू येई.

ते हसू २२ ऑक्टोबर २००८ च्या पहाटे अंगाशी आले. दिवाळी आठवड्यावर आलेली. चकलीचे पीठ तसेच टाकून आई दूरदर्शनपुढे येऊन बसली होती. श्रीहरिकोट्याचे आभाळ भरलेले. ६ वाजून २२ मिनिटांनी ३१६ टनांचा तो अग्निबाण उठला आणि पाहता पाहता ढगांत गडप झाला. मी हळहळलो.

"अरे, आता दिसायचं काय त्यात? गणित आहे ना त्यांच्याजवळ!" आई म्हणाली.

खरेच की! तिथली मंडळी आभाळाकडे पाहतच नव्हती. बाणाने आखलेली वाट सोडली नाही ना, एवढेच पडद्यावर पाहत होती. अठराएक मिनिटांनी १३८० किलोंचे चांद्रयान सुटे झाले. आईने देवापुढे साखर ठेवली.

पृथ्वीभोवतीच्या घिरट्या लांबवीत लांबवीत ते ८ नोव्हेंबरला चंद्राच्या कक्षेत शिरले. चंद्रावरच्या पाण्याची खूणही त्याच्यावरच्या उपकरणाने टिपली. पण २९ ऑगस्ट २००९ ला ते एकाएकी मुके झाले. "कुठे असेल रे ते आता?" आई अधूनमधून विचारी. मी काय सांगणार?

उत्तर आले मार्च २०१७ मध्ये. यान ध्रुवांवरून फिरणारे, तेव्हा फेरीगणिक तिथून जाणारच, एवढ्या हिशेबावर अमेरिकन शास्त्रज्ञांनी चंद्राच्या उत्तर ध्रुवावर १६० किलोमीटर उंचीवर रडारचा रोख धरला आणि वाट पाहिली. अंतर सुमारे ३,८०,००० किलोमीटर. शोधायचे काय, तर दीड मीटरचा ठोकळा! चार तासांत तो दोनदा तिथून गेला. मुका, पण फिरता.

बातमी वाचली आणि मी मोठ्याने ओरडलो, "आई, सापडलं गं!"

स्वयंपाकघरातून बायको बाहेर आली. आईला जाऊन तेव्हा तीन वर्षे झाली होती.