लोणीत चप्पल ‘चालते’ कशी?

हडपसर मागे पडलं की सोलापूर रोडवर थोड्याच वेळात (ट्रॅफिक मेहेरबान असेल तर!) लोणी काळभोर येतं. आपल्यासारख्या वीकेंडवाल्यांसाठी हे रामदऱ्याला जाताना लागणारं गाव. मी मात्र यावेळी रामदरा सोडून थेट बाजारात शिरले, लोकांच्या पायांकडे बघत!

एमआयटी-एडीटी विद्यापीठाच्या पोरापोरींना स्निकर्स हवेत, इन्स्टाग्रामवर पाहिलेले आणि तरी हजाराच्या आत. लोणी स्टेशनजवळच्या तेल कंपन्यांच्या डेपोंत काम करणाऱ्यांना सेफ्टी शूज लागतात. आणि तुकोबांची पालखी पुण्याचा मुक्काम हलवून लोणीत येते, तेव्हा वारकऱ्याला हवी असते पंढरपूरपर्यंत साथ देणारी साधी चप्पल. तिचा अंगठा यवतच्या आतच तुटला, तर माउली बोटं कुणाच्या नावानं मोडणार? दुकानदाराच्याच की!

“ताई, गिऱ्हाईक होलसेलरला ओळखत नाही, मला ओळखतं,” गल्ल्यावरचे काका म्हणाले. खरंय. माल येतो मुंबईच्या ठक्कर बाप्पा कॉलनीतून, आग्र्याहून, दिल्लीपलीकडच्या बहादूरगडहून. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो झक्कास, रेट त्याहून झक्कास आणि अ‍ॅडव्हान्सची घाई सगळ्यात जास्त. मग भरवसा कुणावर ठेवायचा?

काकांचा पहिला फंडा म्हणजे बॉक्सवरची तारीख. कपाटात ठेवलेले ऑफिसचे शूज पावसाळ्यात बाहेर काढल्यावर सोलचा भुगा झालाय, असं तुमच्याही बाबतीत झालं असेल. पीयूचा सोल न वापरताही हवेतल्या ओलाव्यानं आतून कमजोर होत जातो. म्हणजे दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला माल दिसायला कोरा असला, तरी पायात घातल्यावर दगा देऊ शकतो. बॉक्सवर उत्पादनाचा महिना-वर्ष, एमआरपी आणि बनवणाऱ्याचा पत्ता असायलाच हवा. स्टिकरवर दुसरं स्टिकर दिसलं की काका कार्टन उघडतसुद्धा नाहीत.

सेफ्टी शूजला तर आयएसआय मार्क आणि आयएस १५२९८ हा नंबर लागतोच. मार्क छापायला काय, कुणीही छापेल! म्हणून काकांचा मुलगा मार्कसोबतचा लायसन्स नंबर ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर टाकून बघतो. दोन मिनिटांचं काम.

बिलाचंही तसंच. होलसेलरचा पंधरा आकडी-अक्षरी जीएसटी नंबर सरकारी पोर्टलवर टाकला की नाव, पत्ता आणि रजिस्ट्रेशन चालू आहे की रद्द, ते कळतं. महाराष्ट्रातला नंबर २७ नं सुरू होतो, आग्र्याचा ०९ नं. २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांपर्यंतच्या जोडाला ५ टक्के जीएसटी आहे, त्याच्या वर १८. होलसेलरनं रिटर्नच भरला नाही, तर रेग्युलर जीएसटीवाल्या दुकानदाराचं क्रेडिट अडकतं. ‘बिनबिलाचं घ्या, स्वस्त पडेल’ म्हणणाऱ्याकडे नंतर तक्रार तरी कोणत्या कागदावर करणार?

पण कागद चोख असला म्हणजे माणूस चोख, असं नाही. त्यासाठी काकांची बादली आहे. नव्या पार्टीकडून आधी एकच कार्टन मागवायचं, तेही उन्हाळ्यात. त्यातला एक जोड रात्रभर पाण्यात बुडवायचा, सावलीत वाळवायचा आणि बोटांपाशी दणादण वाकवायचा. पेस्टिंग सुटलं की पार्टी कट! दुसरा जोड मुलगा महिनाभर वापरतो. (त्याला यात काही तक्रार दिसली नाही.)

खरी गंमत त्यानंतर. कार्टन येतं सहा ते दहा नंबरच्या सेटमध्ये. सात-आठ पटापट जातात, दहा नंबर धूळ खातो. हे सुटे नंबर आणि पेस्टिंग सुटलेले जोड परत घेणार का, किती दिवसांत, बदली माल की पैसे, हे काका पहिल्या ऑर्डरलाच लिहून मागतात, व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना. बहुतेक जण ‘हो हो, घेऊ की’ म्हणतात. मग काका हळूच विचारतात, “आणि परतीचं ट्रान्सपोर्टचं भाडं कुणाचं?”

इथे निम्म्या पार्ट्यांची रेंज जाते.