सापडलेली पोत आणि शाल-श्रीफळ

‘सफाई कामगाराचा प्रामाणिकपणा’, ‘रिक्षावाल्याने परत केले दागिने’ अशी बातमी पेपरात अधूनमधून येतेच. फोटोत शाल, श्रीफळ आणि मधोमध अवघडून उभा असलेला माणूस. मला या बातम्या खटकतात. बँकेच्या मॅनेजरने सापडलेलं पाकीट परत केलं तर बातमी होते का? नाही. त्याने ते ठेवून घेतलं असतं, असं कुणाच्या मनातच येत नाही.

माझी मावशी घंटागाडीवर आहे. तिला कचऱ्यात सोन्याची पोत सापडली, तिने मुकादमाकडे दिली. दोन दिवसांनी मालकीणबाई आल्या, पोत घेतली आणि सगळ्यांदेखत विचारलं, “पिशवीत अजून काही होतं का?” मावशीकडे पावती नव्हती, कागदाचा कपटाही नव्हता. सत्कार मात्र झाला!

म्हणून कायदा माहीत हवा. 1872 च्या करार कायद्याचं कलम 71 म्हणतं की, सापडलेली वस्तू ताब्यात घेणाऱ्याची जबाबदारी दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतलेल्या माणसाइतकीच असते. उचलायची सक्ती नाही. पण उचलली की स्वतःच्या वस्तूसारखी जपणं आलं, मालकाचा रास्त शोध घेणं आलं. मालक माहीत असताना, किंवा तो शोधून सापडेल हे कळत असताना वस्तू लाटली, तर भारतीय न्याय संहितेचं कलम 314 लागतं. शिक्षा किमान सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड. ‘चोरली नाही, सापडली’ हा बचाव तिथे टिकत नाही. मित्रांनो, सापडलेल्या मोबाइलचं सिम काढून फेकणं म्हणजे आपल्याच हाताने आपल्याविरुद्ध पुरावा तयार करणं.

पण याच कायद्यात सापडणाऱ्याचे हक्कही आहेत, ते कुणी सांगत नाही. कलम 168 नुसार वस्तू जपायला आणि मालक शोधायला झालेला खर्च मिळेपर्यंत ती अडवून ठेवता येते. मालकाने ठरावीक बक्षीस जाहीर केलं असेल तर त्यासाठी दावाही करता येतो. म्हणजे ते बक्षीस भीक नाही.

हा कायदा इंग्रजांनी केला, मान्य. त्याआधी काय होतं? मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात विद्वान ब्राह्मणाला गुप्तधन सापडलं तर सगळं त्याचं. राजाला सापडलं तर अर्धं ब्राह्मणांचं. 25 डिसेंबर 1927 ला महाडला जे जाळलं, त्यात हाही हिशेब होता. 1878 च्या गुप्तधनाच्या कायद्यात सापडणाऱ्याची जात विचारलेली नाही. कलेक्टरला कळवायचं; मालक ठरला नाही, तर साधारणपणे तीन चतुर्थांश सापडणाऱ्याला, उरलेलं जागामालकाला.

तेव्हा काही सापडलं तर एकटं जाऊ नका. दोघांसमोर वर्णन, जागा, वेळ लिहा, फोटो काढा, पोलीस ठाण्यात अर्जासह द्या आणि अर्जाच्या प्रतीवर सही-शिक्क्याची पोच घ्या. ‘इथे नको, तिकडे जा’ म्हणाले, तर सांगा की बेवारस वस्तू ताब्यात घेणं हे महाराष्ट्र पोलीस अधिनियम 1951 नुसार पोलिसांचं कर्तव्य आहे.