केवढ्याला देता?

घटस्थापना झाली की माझा फोन वाजायला लागतो. "काकू, क्रोशाची महिरप करून द्याल का?" आणि लगेच दुसरं वाक्य, "केवढ्याला?" पहिल्या प्रश्नाला हो म्हणता येतं. दुसऱ्याचं खरं उत्तर दिलं तर समोरचा माणूस "बरं, विचारून सांगते" म्हणतो आणि पुन्हा फोन करत नाही. म्हणून मी विकण्याच्या भानगडीत पडतच नाही. पुण्यात बावधनमध्ये, आमच्या सोसायटीच्या क्लब हाउसमध्ये, दुपारी शिकवते. "शिकायला या, दोरा तुमचा, सुई मी देते," एवढंच सांगते.

महिरप म्हणजे जेवणाच्या ताटाभोवती किंवा देवाच्या चौरंगापुढे आपण रांगोळीची कमान काढतो, तीच दोऱ्यात विणलेली. गेल्या काही वर्षांत तिला भलतीच मागणी आली आहे, आणि त्याचं कारण मला आमच्याच इमारतीत दिसतं. दाराबाहेर चार फूट जागा, तिथून चप्पल-बूट, लिफ्टचा राबता, कुरिअरवाले. रांगोळी तासभर टिकली तरी नशीब. घरात काढावी तर आपोआप फिरणारा झाडू तिला कचरा समजून गिळून टाकतो. विणलेली रांगोळी मात्र पसरायची, दिवाळी झाली की झटकून, गुंडाळून डब्यात ठेवायची. महिरप, समईखालचं आसन, तोरण, पणतीभोवतीची फुलं हे सगळं आता विणलेलं मिळतं. आमच्या लहानपणी क्रोशा रुखवतात दिसायचा, नाहीतर रेडिओवर. मग टीव्हीवर, फ्रिजच्या हँडलवरसुद्धा. नंतर मध्ये बरीच वर्षं तो 'आजीचं काहीतरी' म्हणून माळ्यावर गेला. २०२०च्या टाळेबंदीत मुली यूट्यूब लावून बसल्या आणि तो पुन्हा खाली आला.

किमतीचा घोळ का होतो, ते मात्र यूट्यूब सांगत नाही. साधी गोष्ट आहे: क्रोशा करणारं यंत्र कारखान्यात नाही. दोन सुयांच्या विणकामाला ते फार पूर्वीच मिळालं. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९मध्ये मोजे विणण्याचं यंत्र बनवलं, आणि आज आपण घालतो ते स्वेटर, मोजे, टी-शर्ट सगळं त्याच वंशातलं. क्रोशाचे प्रयोग प्रयोगशाळांत चालू आहेत, पण बाजारात माल ओतेल असं यंत्र अजून झालेलं नाही. बाजारात 'क्रोशा लेस' म्हणून वारावर जी मिळते, ती वेगळ्या जातीच्या यंत्रावर झालेली नक्कल असते. उलटून पाहा. तिच्यात सगळ्या साखळ्या लांबीच्या दिशेने एकमेकींना समांतर धावतात आणि मधून नागमोडी दोरा त्यांना बांधून घेतो. मधल्या बिंदूपासून गोल गोल वाढत गेलेलं काही दिसलं, तर ते कुणाच्या तरी हातचंच.

यंत्राला हे का जमत नाही? दोन सुयांच्या कामात ओळीतले सगळे टाके सुईवर उघडे उभे असतात. यंत्रात प्रत्येक टाक्याला स्वतंत्र सुई दिली की झालं. क्रोशात उघडा फास एकच. बाकी सगळं बंद, पुरं झालेलं. सुईला दर वेळी त्या पुऱ्या झालेल्या विणीत शिरावं लागतं. कधी टाक्याच्या दोन्ही धाग्यांखालून, कधी फक्त मागच्या धाग्यातून, कधी खालच्या ओळीतल्या खांबाला बाहेरून वळसा घालून. ते भोक कुठे आहे हे आपल्याला डोळ्यांनी कमी आणि डाव्या हाताच्या चिमटीने जास्त कळतं. सवय झालेली बाई टीव्ही बघत विणते ती त्या चिमटीच्या जोरावर.

एक खांब कसा होतो ते सांगते, म्हणजे वेळेचा अंदाज येईल. सुईवर एक फास आहे. दोऱ्याचा एक वेढा सुईवर घ्यायचा, सुई खालच्या टाक्यात घालायची, दोरा ओढून आणायचा. आता सुईवर तीन फास. पुन्हा दोरा घेऊन दोन फासांतून काढायचा, उरले दोन. पुन्हा घेऊन दोन्हींतून काढायचा, उरला एक. हा झाला एक खांब. वेढा न घेता केला तर तो बुटका राहतो, त्याला आमच्यात मुका खांब म्हणतात. साखळी, मुका खांब, खांब. क्रोशाची बहुतेक नक्षी या तिघांच्या जुळवणीतून येते. एका महिरपीत असे हजारो खांब. सरावाच्या हाताला दोन-तीन संध्याकाळी, नवख्याला त्याच्या तिप्पट. आमच्याकडे घरकामाला येणाऱ्या ताई तासाला जे घेतात तो दर लावला, तरी महिरपीची किंमत ऐकून लोक दचकतात. मग मुली काय करतात? फक्त दोऱ्याचे पैसे धरतात, वर शंभर-दोनशे लावतात आणि धंदा करतोय असं समजतात.

हे आजचं नाही. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथे एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी बायकांना क्रोशाची लेस शिकवली आणि तिचा मोठा निर्यात व्यापार उभा राहिला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्या बायकांवर 'द लेस मेकर्स ऑफ नरसापूर' हे पुस्तक लिहिलं, १९८२मध्ये. त्यांना दिसलं ते असं: बायका दिवसाचे कितीतरी तास विणत होत्या, माल परदेशात जात होता, पण त्यांची गणना कामगारांत नव्हती. घरी बसून फावल्या वेळात काहीतरी करणाऱ्या गृहिणी, असाच हिशेब. त्यामुळे मजुरीही फावल्या वेळाचीच. आयर्लंडमध्ये १८४५नंतर बटाट्याच्या दुष्काळात जोगिणींच्या मठांनी याच सुईवर कितीतरी कुटुंबं जगवली, हे खरं. पण त्याआधी खायला काहीच नव्हतं, हेही तितकंच खरं. मॉलमध्ये तीन-चारशे रुपयांना क्रोशाचा टॉप टांगलेला दिसला की मी बाकी काही बघत नाही, फक्त वीण बघते. हाताची असली तर ती बाई कोण आणि तिच्या पदरात किती पडले, हा विचार मनातून जात नाही.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी स्पष्ट सांगते, हे छंद म्हणून करा. विकायचं असेल तर तासांचे पैसे लावून विका, आणि गिऱ्हाईक गेलं तर जाऊ द्या. स्वस्तात विकणारी एक बाई बाकीच्या दहाजणींचा दर पाडते. हे माझं मत सगळ्यांना पटत नाही. परवाच एक मुलगी म्हणाली, "काकू, तुम्हाला पेन्शन आहे म्हणून तुम्ही बोलता." तिचं चूक नाही.

पण छंद म्हणून धरलं की क्रोशासारखी मजा नाही. चूक झाली तर दोरा ओढायचा, पाहिजे तिथपर्यंत उसवतं, दोरा जसाच्या तसा हातात. भरतकामात कापड बिघडतं, शिवणात कापून बसतं, इथे नुकसान फक्त वेळेचं. हातात एकच सुई, पिशवीत एक गुंडा. चांदणी चौकातला जुना पूल २०२२मध्ये पाडला आणि पुढच्या ऑगस्टमध्ये नवे उड्डाणपूल सुरू झाले, त्या मधल्या काळातल्या वाहतूक कोंडीत आमच्यापैकी कितीजणींनी बसमध्ये, रिक्षात, नवऱ्याच्या शेजारी गाडीत बसून अर्धी-अर्धी शाल पुरी केली असेल. कोथरूडला जाऊन येईपर्यंत चार ओळी होत असत. आता होत नाहीत, अशी लटकी तक्रारही ऐकू येते.

आमच्या गटात आयटीतल्या सुना आहेत, नातवंडं सांभाळायला गावाहून आलेल्या आज्या आहेत, आणि एक निवृत्त फौजी काका आहेत. काका पहिल्यांदा आले तेव्हा दार अर्धं उघडून "लेडीज आहेत का फक्त?" असं विचारून उभे राहिले होते. त्यांना नातीने टॉम डेलीचा व्हिडिओ दाखवला होता. हा ब्रिटिश डायव्हर टोकियो ऑलिंपिकमध्ये गॅलरीत बसून विणत होता आणि सुवर्णपदकाला त्याने लोकरीची पिशवीही विणली होती. काकांची वीण आमच्यात सर्वांत एकसारखी आहे. दोरा कुठे सैल नाही, कुठे आवळलेला नाही.

नवख्यांची एक ठरलेली अडचण असते. चौकोन म्हणून सुरू केलेलं काम चार-पाच ओळींत त्रिकोणाकडे झुकतं. कारण ओळीच्या शेवटचा टाका दिसत नाही. खांबाची ओळ सुरू करताना आपण तीन साखळ्या वर जातो आणि त्या तीन साखळ्या हाच पहिला खांब असतो. परत येताना त्यांच्या डोक्यावर खांब घालायचा राहून जातो. दर ओळीत एक खांब कमी. आज्यांना मी सांगते, ओळ संपली की मोजा. सुनांना सांगावं लागत नाही, त्या मोबाइलवर नोंद ठेवतात आणि तरीही विसरतात.

गोलात गंमत जास्त. सपाट गोल हवा तर पहिल्या फेरीत १२ खांब, दुसरीत २४, तिसरीत ३६, असे दर फेरीला १२ वाढवायचे. वाढ कमी पडली की कडा वर उचलते आणि वाटी होते. बाळाचं टोपरं त्याच मार्गाने होतं, फक्त ते ठरवून केलेलं असतं. वाढ जास्त झाली की कडेला लाटा येतात, झालर होते. झालर झाली की नवखी बाई रडकुंडीला येते. पण डाइना ताइमिना या कॉर्नेल विद्यापीठातल्या गणितज्ञ बाईंनी १९९७मध्ये मुद्दाम हीच झालर वाढवत नेली. समांतर रेषांचा युक्लिडचा नियम जिथे चालत नाही, अशी एक भूमिती आहे. तिच्यातला पृष्ठभाग कसा दिसतो हे विद्यार्थ्यांना कागदाचे तुकडे चिकटवून दाखवावं लागे आणि ते फाटत. बाईंनी तो क्रोशात विणला, हातात घेऊन दुमडता येईल असा. पुढे २००५मध्ये वर्थाइम भगिनींनी त्याच तंत्राने लोकरीची प्रवाळभित्तिका विणायला घेतली, कारण प्रवाळाच्या लाटा त्याच जातीच्या असतात. आमच्याकडे असं कुणाचं टेबलमॅट लाटा घ्यायला लागलं की मी ते उसवू देत नाही. त्याची फुलं होतात, तोरणाला चालतात.

दोऱ्याबद्दल सांगायलाच हवं, कारण दिवाळीत त्याचा जिवाशी संबंध येतो. तुळशीबागेत किंवा रविवार पेठेत 'लोकर' म्हणून जे गुंडे मिळतात, त्यांतले बहुतेक अक्रिलिकचे असतात. मेंढीचा त्यांच्याशी काही संबंध नाही. रंग सुरेख, किंमत बेताची, धुवायला सोपे. पण अक्रिलिक पेट्रोलियमपासून होतं. पणतीची ज्योत लागली की ते वितळतं, पेटतं आणि कातडीला लागलं तर चिकटून बसतं. दिव्याजवळ ठेवायची कुठलीही वस्तू सुती दोऱ्याची करावी. सूतही पेटतं, पण वितळून चिकटत नाही, आणि पणती आसनावर न ठेवता ताटलीत ठेवायची हे दोन्हींना लागू. दोरा कशाचा आहे अशी शंका असेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून सिंकवर जाळून पाहावा. सुताची राख भुरभुरीत होते आणि कागद जळल्यासारखा वास येतो. खरी लोकर केस जळल्यासारखी घाण मारते. अक्रिलिकचा कडक काळा मणी होतो.

महिरपीला सूतच लावावं याला आणखी एक कारण आहे. विणून झालेली महिरप कडा मुरडून बसते. ती ओली करून, जुन्या गादीवर टाचण्यांनी ताणून बसवायची आणि साबुदाण्याची पातळ खळ लावून वाळवायची. सूत तो आकार धरतं आणि पुढच्या धुण्यापर्यंत सोडत नाही. अक्रिलिकला पाण्याने फरक पडत नाही. वैतागून कुणी गरम इस्त्री फिरवली की ते मरगळतं आणि पुन्हा उभं राहत नाही.

बावधनमध्ये राजा दिनकर केळकर संग्रहालयाला मोठ्या विस्तारासाठी जागा मिळालेली आहे. दिवे, अडकित्ते, पानाचे डबे अशा घरगुती वस्तूंत केळकरांना जे दिसलं, ते रुखवतातल्या रुमालात आणि रेडिओच्या झाकणातही दिसेल, अशी मला आशा आहे. नव्या इमारतीत एखादं कपाट त्यासाठी निघालं तर आमच्या गटातल्या तीन-चार ट्रंका तरी उघडतील. त्या कामांवर कुणाचं नाव नाही. कुठल्या आजीचं कुठलं काम, हे सांगणाऱ्या बायका मात्र अजून आहेत.

शिकायचं असेल तर दिवाळीची सुट्टी बरी. चार पदरी सुती दोरा आणि साडेतीन-चार मिलिमीटरची सुई घ्या. बारीक दोऱ्याच्या पोलादी सुया आत्ताच नकोत. त्यांनी बोटं दुखतात आणि माणूस सोडून देतो. परदेशी नमुना बघत असाल तर तो अमेरिकन की ब्रिटिश हे आधी पाहा, कारण दोघांकडे एकाच नावाचे टाके वेगळ्या उंचीचे असतात. चिन्हांचा तक्ता मिळाला तर सर्वांत उत्तम. लहान मुलासाठी खेळणं करणार असाल तर मण्यांचे डोळे लावू नका, दोऱ्यानेच भरा. मुलं ते मणी दाताने काढतात. लाल सुती दोरा पांढऱ्याबरोबर वापरण्याआधी वेगळा भिजवून पाहा. मिठाच्या पाण्यात बुडवला की रंग पक्का होतो असं सगळ्या सांगतात, पण आजच्या रंगांवर मिठाचा तसा उपयोग नाही. पाणी स्वच्छ येईपर्यंत धूत राहायचं. आणि पहिली वस्तू काळ्या दोऱ्याची करू नका. त्यात टाके दिसत नाहीत, मलासुद्धा.