पाच मिनिटांचं व्हाउचर

विधानसभा निवडणुकीच्या हंगामात आकाशवाणीवर नैमित्तिक निवेदक म्हणून ड्युटी लागली की पक्षांच्या भाषणांचं ध्वनिमुद्रण वाट्याला यायचं. काचेच्या अलीकडे मी आणि इंजिनिअर, पलीकडे पक्षाचा घामाघूम प्रतिनिधी. हातात टाइप केलेली संहिता, आधीच तपासून मंजूर झालेली.

पक्षांना सरकारी माध्यमांवर फुकट वेळ मिळतो तो १९७७च्या लोकसभा निवडणुकीपासून. २००३ साली तशी तरतूद लोकप्रतिनिधित्व कायद्यातही झाली. मान्यताप्राप्त पक्षांना ठरावीक वेळ सारखा, वरचा मागच्या निवडणुकीतल्या कामगिरीनुसार. पाच-पाच मिनिटांची व्हाउचरं, आणि कोणी कधी बोलायचं ते चिठ्ठ्या टाकून. अपक्षांना यात जागाच नाही.

भाषणांचे नियमही ठरलेले. धर्मावर, जातीवर हल्ला नको, न्यायालयाचा अवमान नको, चिथावणी नको, हे पटतं. पण कुणाही व्यक्तीवर नाव घेऊन टीका नको? प्रचारात मग बोलायचं काय?

एका छोट्या पक्षाकडून निवृत्त मास्तर आले होते. सभांची सवय, त्यामुळे वाचता वाचता मंत्र्याचं नाव तोंडातून गेलंच. इंजिनिअरने हात वर केला. “मास्तर, नाव नको. परत घेऊ.” पुन्हा तेच. शेवटी ‘सत्ताधारी’वर भागवलं आणि सगळा जोर गेला. बाहेर चहा पिताना मात्र त्यांनी तेच वाक्य नावासकट असं ऐकवलं की शिपाईसुद्धा थांबला. ते काही प्रसारित होणार नव्हतं.

तरी ही व्यवस्था मोडावी असं मला वाटत नाही. मास्तरांच्या पक्षाला खासगी वाहिनीवर जाहिरात परवडली नसती, आणि रात्री नऊच्या आरडाओरड्यात त्यांना बोलावणार कोण? वेळ सरकारने जरूर द्यावा. माझा आक्षेप लाल पेन्सिलीला आहे. भाषणात गुन्हा असेल तर कायदा नंतर आहेच की.

२०२४च्या लोकसभा निवडणुकीत माकपचे नेते सीताराम येचुरी यांना आपल्या अशाच भाषणातले काही शब्द गाळावे लागले, ‘दिवाळखोरी’च्या जागी ‘अपयश’ म्हणावं लागलं. हे इंग्रजी भाषणात. त्याच मजकुराच्या हिंदी अनुवादाला हरकतच घेतली नाही, असं त्यांनी सांगितलं. मला नवल वाटलं नाही. दिवसभर संहिता तपासून कंटाळलेली माणसं मी पाहिली आहेत.