कलमतराश

माझ्या दप्तरात चाकू असतो हे कळले त्या रात्री अम्मी जेवली नाही. "घरात सुरी आहे, विळी आहे. बाहेर कशाला पाहिजे? आपल्या मुलांजवळ चाकू शोभत नाही, बेटा," एवढेच ती म्हणाली. तिला 'शोभत नाही' म्हणायचे नव्हते, 'परवडत नाही' म्हणायचे होते.

मी उर्दू शाळेत शिक्षक आहे. मुलांना खुशखती शिकवतो. त्यासाठी बोरूचे कलम करावे लागतात. आधी तिरपा काप, मग दोन्ही बाजू तासायच्या, टोकाला बारीक चीर द्यायची आणि शेवटी टोक कठीण पाटावर ठेवून एका दाबात कत मारायचा. चाकू बोथट असेल तर बोरू फाटतो. दाढीचे पाते त्यात वाकते, कधी तुटते. जुन्या लोकांनी या कामासाठी वेगळा चाकू ठेवला होता. त्याचे नाव कलमतराश. शिवाय शाळेत रोज काहीतरी निघतेच. पुस्तकांच्या गठ्ठ्याची सुतळी, तांदळाच्या पोत्याची शिवण, तक्त्यांचा पुठ्ठा, पोरांच्या पेन्सिली.

अब्बा एस.टी. स्टँडबाहेर पेरूची गाडी लावायचे. ते म्हणत, "बोथट चाकू धारदार चाकूपेक्षा वाईट. तो जोर मागतो आणि जोर हात कापतो." हे ठाऊक असूनही पहिला चाकू मी बाजारात साठ रुपयांना घेतला. घडीचा होता, पण खटका नव्हता. बोरूला चीर देताना पाते उलटे मिटले ते माझ्या बोटावर. तीस मुले बघत होती. टाके पडले.

मग शिकलो. घडीच्या चाकूत धारेच्या आधी खटका बघायचा. पाते उघडून त्याची पाठ लाकडावर दाबायची. मिटायला लागले तर चाकू परत द्यायचा. पाते डावीकडे-उजवीकडे हलवून बघायचे. हलत असेल तर सांधा कच्चा. सांध्याला रिव्हेटऐवजी स्क्रू असेल तर ढिला झाल्यावर घरीच आवळता येतो. साध्या पोलादाला धार लवकर लागते, पण लिंबू-पेरूने ते काळे पडते, ओले राहिले तर गंजते. पुसून खोबरेल लावावे लागते. स्टेनलेसला एवढी निगा लागत नाही. पाते तीन इंच पुरे. मूठ चारही बोटांत मावली पाहिजे. सुंदर चाकू महाग असलाच पाहिजे असेही नाही. फ्रान्सच्या साव्हॉय भागात जोसेफ ओपिनेल याने १८९० मध्ये शेतकऱ्यांसाठी केलेला लाकडी मुठीचा चाकू आजही जवळजवळ तसाच निघतो. पाते अडवणारी फिरती कडी त्याला १९५५ मध्ये बसली, एवढाच मोठा बदल.

दुकानदाराने मात्र मला आधी काळा चाकू दाखवला. काळे पाते, दाते, बोटाने उडवायची कळ. खटका चांगला होता, किंमतही कमी होती. मी तो खाली ठेवला. सिनेमातल्या रामपुरीचा 'खट्' आवाज आमच्या पिढीच्या कानात आहे आणि तो कोणाच्या हातात दाखवतात हेही आम्हांला ठाऊक आहे. मी तपकिरी लाकडी मुठीचा, पाठीवर खटका असलेला स्टेनलेसचा चाकू घेतला. अडीचशे रुपये. घरी येताना विचार केला, हा मी कामासाठी निवडला की दुसऱ्यांच्या नजरेसाठी? खरे सांगायचे तर दोन्हींसाठी.

त्याचा प्रत्यय लवकरच आला. सणाच्या आदल्या दिवशी स्टँडवर पिशव्या तपासत होते. हवालदाराने चाकू काढला, नाव विचारले. नाव सांगितल्यावर त्याने तो पुन्हा उघडून बघितला. माझे सहकारी गुरुजी शेजारीच उभे होते. त्यांच्या पिशवीत डाळिंबाच्या बागेतला छाटणीचा चाकू होता, माझ्यापेक्षा मोठा. तो त्याने बघून परत ठेवला. मी बोरूचे तुकडे, दौत, खडू दाखवले. "गुरुजी, दिवस बरे नाहीत. घरी ठेवत जा," तो म्हणाला. उद्धट नव्हता. गुरुजी मात्र गाडीत बसेपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत. त्यांना लाज वाटत होती.

मग कायदा वाचला. शस्त्रांच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, घरकाम आणि शेतीची हत्यारे वगळून. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली मनाई आदेश निघाला की लहान चाकूही अडचणीचा. त्या दिवसांत मी तो घरी ठेवतो. लिहायचे ते कलम, झाडावर बांधायचे ते कलम, आणि कायद्याचेही कलमच. एकच शब्द, पण माझ्या वाट्याला तिसरा आधी येतो.

चाकू मी सोडलेला नाही. आता तो कंपासपेटीत, बोरूंच्या शेजारी असतो. परवा सातवीतला एक मुलगा म्हणाला, "सर, मी पण आणू का? माझा कलम मीच करतो."

"आपल्या मुलांजवळ..." माझ्या तोंडात अम्मीचेच शब्द आले. ते मी गिळले.

"आणू नकोस," मी म्हटले. "माझ्याजवळ ये. धरायचा कसा ते दाखवतो."